समुद्रावरच्या भंगाराचा चुडामण

तोताराम ओताऱ्याला एदलाबाद गावानं वेडा ठरवून टाकलं होतं. मला ते कधीच पटलं नाही. वेडा असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्या शब्दावर कोणी विसंबलं नसतं. तो चांगला शहाणा होता, सरळ होता, आणि जे करायचा ते नीट विचार करून करायचा. त्यानंच सगळा घात झाला.

आमचं किराणा दुकान आणि त्याची भट्टी यांच्यात एकच भिंत. मी लग्न होऊन मारवाडातून इथं आले तेव्हा मला मराठीचा गंध नव्हता, आणि घुंगटातून दिसायचं तेही अर्धंमुर्धं. पण भिंतीपलीकडून दिवसभर घंटा वाजायच्या. तोताराम बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओतायचा. मेणाचा साचा करायचा, वर माती थापायची, मेण वितळून गेलं की त्या जागी पितळ ओतायचं. पोळ्याआधी रावेरपासूनचे शेतकरी त्याच्या दारात बसलेले असत. त्याची खुबी अशी की एका जोडीची घंटा दुसऱ्या जोडीसारखी वाजायची नाही. बैल रानात कुठं भरकटला तरी मालक बांधावर उभा राहून ओळखायचा की हा आपला. मी या गावात मराठीच्या आधी त्या घंटा ओळखायला शिकले, असं माझे यजमान सोहनलालजी चारचौघांत सांगून मला चिडवायचे.

जन्मभर पितळ ठोकून त्याचे कान गेले होते. पुरते नाही, पण माणूस समोर उभा राहून ओरडला तर अर्धं कळायचं. घंटा पारखताना तो तिची कड दातात धरायचा आणि बोटानं टिचकी मारायचा. आवाज दातांतून डोक्यात जातो म्हणे. मी एकदा भट्टीवर कोणी नसताना करून पाहिलं. खरंच जातो.

बायको लवकर गेली. घरात थोरली बहीण झुंबरबाई आणि एकुलता मुलगा चुडामण. चुडामणला भट्टी आवडायची नाही. पोरगा दांडगा, मोकळ्या गळ्याचा. पूर्णा नदीच्या पलीकडच्या काठावरून "बाऽऽ" म्हणून हाक मारायचा तर आमच्या दुकानात ऐकू यायची. तीच एक हाक बापाला ऐकू जायची, बाकी आम्ही सगळे घसा फोडून बोलायचो. भुसावळला इंजिनात कोळसा टाकायचं काम त्यानं धरलं, आणि तिथून कोणाच्या तरी नादानं मुंबई गाठून बोटीवर गेला. काम तेच, कोळसा टाकायचं. फक्त खाली रुळांऐवजी पाणी.

स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली होती. त्या वैशाखात त्याचं लग्न झालं. मुलगी रावेरकडची, बेबाबाई. गव्हाळ, उंच, कमी बोलणारी. नवरा आखाडापर्यंत घरी राहिला आणि परत बोटीवर गेला. जाताना मोटारीच्या मागल्या खिडकीतून त्यानं बापाला हाक मारली, बायकोकडं नुसतं पाहिलं. मोठ्यांसमोर बायकोशी बोलायचं कसं?

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि तार आली. बोट खंबातच्या आखातात वादळात सापडली, बुडाली. खलाशांपैकी कोणीही मिळालं नाही.

तार आमच्या मुनीमजींनी वाचली. तोतारामला ती ऐकू गेली नाही, म्हणून त्यांना ती पुन्हा वाचावी लागली, मोठ्यानं. सगळी आळी दारात आली. अशी बातमी माणसाला ओरडून सांगावी लागते, याचा मला इतका संताप आला की मी घुंगट बाजूला सारून मुनीमजींच्या हातातला कागद काढून घेतला. सासरे दुकानात बसले होते. त्यांनी मान वळवली.

तोताराम रडला नाही. दुसऱ्या दिवशी भुसावळला गेला आणि तापी लाइनची गाडी धरून सुरतेला उतरला. तापी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर तो किती तरी दिवस चालला. तिथल्या कोळ्यांना विचारी, माणूस आला का वाहून. माणूस आला नव्हता. पण सामान येत होतं. भरती उतरली की वाळूत काही ना काही पडलेलं असायचं. फळ्या, दोरखंड, डबे.

तो परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर एक पोतं होतं. मुलगा आणायला गेलेला माणूस भंगार घेऊन आला, म्हणून गावानं तोंडाला पदर लावला. त्यानं पोतं अंगणात उलटं केलं. तांब्याच्या खिळ्यांची एक लांब फळी निघाली. पिंपाच्या गंजक्या पट्ट्या, लाकडी कप्पी, जाळ्यांना बांधतात ते काचेचे पोकळ गोळे, शंख, एका गोल खिडकीची पितळी कड आणि चेपलेली एक किटली. त्यातलं त्या बोटीचं काय आणि दुसऱ्या कुठल्या बोटीचं काय, हे देवालाच ठाऊक. तोताराम म्हणाला, "समुद्रानं माह्या पोराला ठेवून घेतलं अन् हे दिलं. म्हंजे हे त्याच्याच बदल्यात दिलं."

मढं मिळालं नाही तर पुतळा करतात. दर्भाचा करायचा, पळसाची पानं लावायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला नदीवर अग्नी द्यायचा. मग सुतक, मग तेरावं, आणि मग तो माणूस मेला असं धरतात. हे होत नाही तोवर तो मेलेला नाही आणि त्याची बायको सवाष्ण. ओताऱ्यांत पाट लागतो. विधवा झालेल्या पोरीला दुसऱ्या घरी देता येतं. पण आधी विधवा तर व्हायला हवी.

पुढच्या उन्हाळ्यात बेबाबाईचा भाऊ वना आला, जातीचे पंच बसले, गुरुजींना बोलावलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, पुतळा करा आणि पोरीला मोकळी करा. तोताराम खाली मान घालून ऐकत होता, म्हणजे ऐकल्यासारखं करत होता. मग म्हणाला, "पुतळा मी करीन. पन गवताचा नही. मी ओतारी हाये. माह्या पोराचा पुतळा मी गवताचा करू का? समुद्रानं दिलं त्याचाच करीन. अन् तो त्याच्या आवाजात बोल्ला का त्याले आगीन देईन. आवाजाशिवाय मले कसं समजाव का तो चुडामणच हाये? माहे कान गेले, तं आवाज त्याची बायको ओयखन."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. बापानं पुतळा करायचं कबूल केलं, अग्नी द्यायचं कबूल केलं, मग कशाचा करतो याच्यात त्यांना काय. महिना-दोन महिन्यांचं काम, असं त्यांना वाटलं. गुरुजींनी एवढंच बजावलं की एकदा पुतळा करायला घेतला की त्याच माणसाचा दुसरा पुतळा करता येत नाही. हाच पुरा करायचा आणि यालाच अग्नी द्यायचा. पंचांनी माना डोलावल्या, सुपारी फुटली, आणि एका पोरीचं आयुष्य त्या सुपारीबरोबर बांधलं गेलं. तिथं बसलेल्या एकाही शहाण्याला ते दिसलं नाही.

पुतळा उभा राहिला तो भट्टीच्या मागं, मोकळ्या अंगणात, पश्चिमेकडं तोंड करून. फळी हा त्याचा कणा. पिंपाच्या पट्ट्या वाकवून त्यानं बरगड्या केल्या. त्यांच्या आत काचेचे गोळे टांगले, खांद्यांना साखळ्या आणि कप्पी. डोक्याला किटली. तिचं तोंड बरोबर चुडामणच्या तोंडासारखं अर्धवट उघडं, हे सगळ्यांनीच पाहिलं. गळा मात्र सारखा बदलायचा. कधी शंखांची ओळ, कधी नळी, कधी पितळी कडेवर ताणलेलं कातडं. वारा किटलीच्या तोंडातून शिरून गळ्यातून खाली जायचा आणि बरगड्यांतले गोळे एकमेकांवर घासायचे. त्यातून निघायचा तो आवाज घंटेचा नव्हता, बासरीचा नव्हता. छातीतून निघाल्यासारखा होता. पहिल्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. ताट खाली ठेवलं आणि देवघरात जाऊन बसले.

जेठात, पावसाच्या तोंडावर, पश्चिमेचा वारा सुटला की तोताराम सुनेला हाक मारायचा. झुंबरबाई दारात बसलेली, बेबाबाई डोक्यावरून पदर घेऊन पुतळ्यासमोर उभी. तोताराम फळीला दात लावून बघायचा. दातांतून त्याला एवढंच कळायचं की आवाज आहे. कोणाचा आहे ते कळायचं नाही. तो तिच्या तोंडाकडं पाहायचा आणि विचारायचा, "हाच का?"

पहिल्या वर्षी ती ऐकत राहिली आणि तिनं मान हलवली. नाही.

मग तो पुन्हा गळा सोडवायला बसला. पावसाळा सरला की सुरतेची गाडी, नवं पोतं, नवी जुळवाजुळव. पुढल्या जेठात पुन्हा तेच. हाच का? नाही. बैलांच्या घंटा मागं पडल्या. ज्या ओतायचा त्याही फुटक्या वाजू लागल्या. शेतकरी त्या परत आणून द्यायचे, नंतर यायचेच बंद झाले. रावेरचे लोक जळगावहून तयार घंटा आणू लागले. तोतारामला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. भिंतीपलीकडून आता एकच आवाज यायचा, वारा असेल तेव्हा.

दरम्यान वनानं स्थळ पाहिलं होतं. अमळनेरच्या गिरणीत काम करणारा निंबा. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, घरात म्हातारी आई. एकदा तो वनाबरोबर स्वतःच आला. आमच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि बोलता बोलता आमच्या तराजूची लोंबकळणारी साखळी दुरुस्त करून दिली. मी आतून पाहत होते. बेबाबाई पाण्याला निघाली होती. त्यानं तिच्याकडं टक लावून पाहिलं नाही, तिची घागर जाईपर्यंत पाय आखडून बसला, एवढंच. तेवढ्यावरून मी ठरवलं की माणूस चांगला आहे. सोहनलालजींनी त्याला विचारलं, किती दिवस थांबणार. तो म्हणाला, "माले घाई नई शे, शेठजी. पन घर माय म्हतारी व्हई गई. घरनं बठ्ठं काम तीच करस. आनखी एक वरीस थांबसू."

एक वर्ष म्हणता म्हणता तो दोन वर्षं थांबला.

गावात तोतारामला सगळे शिव्या घालू लागले. म्हातारा सुनेला सोडत नाही. भाकरी टाकायला बाई हवी म्हणून पुतळ्याचं नाटक लावलंय. कोणाची म्हैस गाभडली तर पुतळ्यामुळं, कोणाचं पोर रडलं तर पुतळ्यामुळं. मीही त्यांच्यातलीच. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी सरळ भट्टीत गेले. त्याच्या तोंडासमोर उभी राहून ओरडले, "तोताराम आबा, त्या पोरीचं वय काय? तुम्ही तिला जिवंत पुरताय. गवताचा करा पुतळा आणि जाळा. गुरुजी काय म्हणतील ते मी बघते."

तो कानशिलं दाबत माझ्याकडं पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "सुगनबाई, मी कुठी अडवलं? तिनं व्हय म्हनावं, मी त्याच दिसी आगीन देतो. माहे कान नहीत. तिचे हायेत. बायको नवऱ्याचा आवाज ओयखन का नही?"

मी भट्टीतून बाहेर आले. हे मी कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं. सगळं गाव म्हाताऱ्याच्या नावानं खडे फोडत होतं, आणि दर जेठात नाही म्हणत होती ती ही पोरगी.

दुपारी ती आमच्याकडं डाळ भरडायला आली. जातं फिरत होतं. मी तिला धरलंच. म्हटलं, "बाई, तुला कळतं का तू काय करतेस ते? एकदा हो म्हण. आवाज जुळो न जुळो. हो म्हण आणि मोकळी हो."

तिनं जातं थांबवलं नाही. ते फिरवतच म्हणाली, "भाभी, मले त्याह्यचा आवाजच ठावका नही."

मला कळेना. ती म्हणाली, "दिवसा ते माह्याशी बोलत नव्हते. मामा घरात, आत्या घरात. रातच्याले बोलले ते कानाशी, हळूहळू, भिताडापल्याड जाऊ नये म्हनून. तेवढंच मले आठवते. त्याह्यनं मोठ्यानं हाक मारली ती मामाले. माह्या नावानं कधी हाक मारलीच नही. मंग हा एवढा मोठा आवाज त्याह्यचा का नही, मी कसं सांगू?"

सासऱ्याला ती मामा म्हणे. मी जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. माझं लग्न होऊन तोवर वीस वर्षं झाली होती, आणि माझ्या सासऱ्यांशी मी कधी एक शब्दही बोलले नव्हते. बायकांना कसं जगायला लावतात हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी हट्टानं म्हटलं, "मग खोटं बोल. कोणाला कळणार?"

"मले कळन," ती म्हणाली. "ते जित्ते असले तं? मी माह्या तोंडानं हाच म्हनली अन् मामानं आगीन देली, तं मीच मारलं त्याह्यले. निंबाच्या घरी जायासाठी मारलं, असंच व्हईन नं."

मग ती डाळ पाखडायला लागली. मी तिच्यावर चिडले, तिच्या नवऱ्यावर चिडले, पंचांवर चिडले. म्हाताऱ्याला जाऊन हे सांगावं असं मनात आलं, पण सांगून काय होणार होतं? त्याच्याकडं एवढे एकच कान उरले होते. तेही नाहीत असं त्याला कोण सांगणार, आणि ओरडून? सगळ्या आळीनं ऐकलं असतं.

निंबानं दिलेली मुदत संपत आली त्या वर्षी तोताराम झपाटल्यासारखा कामाला लागला. त्याला ठाऊक होतं. तो निर्दय नव्हता, हे मी पुन्हा सांगते. वना त्याला हातवारे करून सांगून गेला होता की या जेठात झालं तर झालं. सुरतेहून त्यानं एका मोठ्या बोटीच्या भोंग्याचा तुकडा आणला होता, आतून हिरवा पडलेला. तो त्यानं तासून, भाजून, मेणानं हवा अडवत, किटलीच्या खाली बसवला. त्याच्या हातांना फोड आले. वारा सुटला त्या सकाळी अख्खी आळी जमली होती. वना आला होता. निंबा आला नव्हता, त्यानं नारळ आणि लुगडं पाठवलं होतं.

पुतळा बोलला. मी आजवर तसं काही ऐकलं नाही. नदीपलीकडून कोणीतरी हाक मारावी तसा तो आवाज लांबत गेला, आणि शेवटी मोडला. झुंबरबाई आता बिछान्याला खिळली होती, ती आतून ओरडली, "आला का रे?" जुन्या माणसांपैकी दोघा-तिघांनी खाली पाहिलं. आम्ही सगळ्यांनी ती हाक वर्षानुवर्षं ऐकलेली होती. आम्हाला पटलं होतं. पण विचारणार होते ते बेबाबाईला.

तोतारामनं फळीवरून तोंड काढलं. त्याच्या दातांना रक्त लागलं होतं. "हाच का?"

तिनं भावाकडं पाहिलं, ओट्यावरच्या लुगड्याकडं पाहिलं. मला वाटलं आता म्हणते. आता म्हणते. तिनं मान हलवली. नाही.

वना तिथंच मटकन बसला. मग उठून बहिणीच्या अंगावर धावला, लोकांनी धरलं. "आमी सांगतो का हाच हाये," जमलेल्यांतला एक म्हणाला. पण पंचांसमोर शब्द झाला होता तो बायकोच्या ओळखीचा, लोकांच्या नाही. ते नारळ आणि लुगडं वनानं परत नेलं. लोक पांगले. बेबाबाई चुलीशी जाऊन बसली आणि म्हातारा भोंग्याचा तुकडा सोडवायला लागला.

निंबानं त्याच वर्षी दिवाळीनंतर दुसरी बायको केली. त्याचा काय दोष? त्याची आई खरंच म्हातारी झाली होती. वना येऊन भट्टीच्या दारात उभा राहिला आणि तोतारामच्या तोंडावर ओरडला, "निंबाचं लगन झालं. झालं तुमच्या मनासारखं? आता ठेवा तिले भाकरी भाजाले. मी तिचा भाऊ नही अन् ती माही बहीण नही." तोतारामचे कान तोवर पार बंद झाले होते. त्याला दिसलं ते एवढंच की वना नेहमीसारखा भांडतोय. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "पुढल्या जेठात नक्की, वना. नक्की." वना थुंकून निघून गेला. मी सांगायला पुढं झाले तर बेबाबाईनं माझा हात धरला. "नका सांगू, भाभी. त्याहीले काहाले?"

झुंबरबाई गेली. तोताराम सुरतेला जायचा बंद झाला, कारण त्याला भुसावळपर्यंतही जाववत नव्हतं. धाप लागायची, पाय सुजले होते. बेबाबाई केळीच्या बागेत मजुरीला जायची, दोघांचं पोट भरायची. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. तिशीही उलटली नव्हती.

१९५९च्या मार्गशीर्षात म्हाताऱ्यानं अन्न सोडलं. घास गिळवत नव्हता. मी काढा घेऊन गेले तर तो अंगणात, पुतळ्याच्या पायाशी घोंगडीवर पडलेला. मला म्हणाला, "सुगनबाई, बापानं पोराले आगीन द्यायची नही, हे मले समजते. पन दिली नही तं तो तसाच पान्यात राहीन. मी गेल्यावर त्याले कोन देईन?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी त्याला रडताना पाहिलं. मी काढ्याची वाटी तशीच घेऊन भिंतीशी जाऊन उभी राहिले. मला ते बघवत नव्हतं.

बेबाबाई बागेतून आली. तिनं विळा ठेवला, हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. वारा नव्हता. अंगणातलं वाळलेलं पानही हलत नव्हतं. किटली, भोंगा, गोळे, सगळं मुकं होतं. म्हातारा कोपरावर उठून तिच्या तोंडाकडं पाहू लागला. तिनं त्याला दिसेल असा चेहरा वळवला, आणि सावकाश, ओठ मोठे करत म्हणाली, "हाच."

तोतारामनं विचारलं, "वाजला?"

तिनं मान डोलावली. "हाच हाये, मामा. ओयखला मी."

त्यानं फळीला दात लावायला मान पुढं केली, पण तेवढी ताकद नव्हती. त्यानं सुनेवर विश्वास ठेवला. मी भिंतीशी उभी होते, माझ्या हातातली वाटी कलंडली आणि काढा पायावर सांडला.

दुसऱ्या दिवशी चौघांनी पुतळा उचलून पूर्णेवर नेला. म्हाताऱ्याला खाटेवरून नेलं. त्यानं बसूनच अग्नी दिला. फळी जळाली, दोरखंड जळाला. काचेचे गोळे एकामागून एक फुटले. किटली आणि भोंगा काळे पडून राखेत उरले, ते लोकांनी नदीत लोटले. पंच आले होते. बेबाबाईच्या बांगड्या त्यांच्या बायकांनी तिथंच वाळूत फोडल्या, कुंकू पुसलं. नऊ वर्षं जे गाव तिला विधवा करा म्हणून घसा कोरडा करत होतं, ते खाली मान घालून घरी गेलं. आता तिचा पाट लावायला कोणी उरलं नव्हतं. तिशीच्या, पिकल्या केसांच्या, भावानं टाकलेल्या बाईला कोण विचारतो?

हे तोतारामला मात्र ठाऊक नव्हतं. तेरावं झालं आणि त्याला हुशारी वाटली. दोन घास पेज त्यानं मागून घेतली. सुनेला म्हणाला, "आता वनाले निरोप धाड. निंबाले म्हना ये. लय थांबवलं मी तुले. तू निंबाच्या घरी गेलेली पाहून मी डोये मिटीन." त्याचा चेहरा इतका निवांत होता की मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

बेबाबाईनं त्याला खोटीच खूण केली की निरोप गेला.

तो रोज विचारायचा. ती ओठांनीच सांगायची, येतील, बैल आजारी आहे. येतील, गिरणीला सुटी नाही. म्हाताऱ्याला शंका येऊ नये म्हणून तिनं त्याच्यासमोर आपलं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, चोळ्या, आरसा, आईची वाटी. ते दाराशी ठेवलं. तोताराम खाट दाराकडं वळवून घेऊन रस्त्याकडं बघत पडायचा. कोणाची गाडी वळणावर आली की उठायची धडपड करायचा. ती त्याला टेकू द्यायची. गाडी पुढं निघून गेली की पुन्हा निजवायची.

माघात तो गेला. तोंड रस्त्याकडंच होतं.

बेबाबाईनं ते गाठोडं सोडलं ते त्याच्या तेराव्याला, धुतलेलं लुगडं नेसायला लागलं म्हणून.